रिकाम्या बाकाची सत्यप्रत

रोमानियातल्या तर्गू-आल्ब गावात एखाद्याला नुसत्या नावानं हाक मारणं हा सौम्य अपमान समजतात. हाक हुद्द्यानं मारायची. माणूस निवृत्त होतो, हुद्दा होत नाही. चार नंबरच्या इमारतीच्या ‘ब’ जिन्याचंच बघा. पहिल्या मजल्यावरच्या गाव्रिलांना सैन्य सोडून एकवीस वर्षं झाली होती, आणि सैन्यात असतानाही त्यांचा संबंध शत्रूपेक्षा कोठारातल्या घोंगड्यांशी जास्त आला होता. तरी ते मेजरसाहेब. दुसऱ्या मजल्यावरच्या कोजोकारूबाई शाळेत भूगोल शिकवायच्या. त्यांनी पोरांकडून घोकून घेतलेले काही देश एव्हाना नकाशावरून नाहीसे झाले होते. बाई मात्र प्रोफेसरबाईच राहिल्या होत्या. पाण्याचे पाईप जोडणाऱ्यालासुद्धा, पाईप पुन्हा गळायला लागेपर्यंत, लोक इंजिनियरसाहेब म्हणत.

आणि तिसऱ्या मजल्यावर राहायचा ‘लग्नांचा कॉर्नेल’.

कॉर्नेल बुर्लाकूनं तीस वर्षं लग्नांचं आणि बारशांचं चित्रीकरण केलं होतं. बुर्लाकू म्हणजे ब्रह्मचारी. हजारभर जोडप्यांच्या कपाटात ‘शुभविवाह – ब्रह्मचारी’ अशी चिठ्ठी लावलेल्या कॅसेटी पडून होत्या, आणि या विनोदाला तीस वर्षं हसून दाखवणं हाही त्याच्या धंद्याचाच भाग होता. आता तो घरी बसला होता. त्याला दुसरं काही नको होतं. गाणारा, रंगवणारा, सर्कशीत टोपीतून ससा काढणारा, अशा सगळ्यांना लोक ‘माएस्त्रो’ म्हणतात. तसं एकदा, फक्त एकदा, जिन्यात, मेजरसाहेबांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं कोणीतरी आपल्याला म्हणावं, आणि मग खुशाल मरण यावं, अशी त्याची माफक इच्छा होती.

सप्टेंबरात संधी आली. गावच्या कलादालनानं व्हिडिओ-कलेची स्पर्धा जाहीर केली. विषय होता ‘दोर’.

आता ‘दोर’ म्हटलं की आपल्याला विहीर आठवते. पण तिकडचा दोर वेगळा. रोमानियन माणसाच्या मते हा शब्द कुठल्याच दुसऱ्या भाषेत सांगता येत नाही, आणि म्हणून तो दिवसभर सांगत असतो. हुरहूर म्हणा, ओढ म्हणा, जे मिळालं नाही आणि मिळालं असतं तरी पुरलं नसतं त्याची तळमळ म्हणा. मात्र त्याच भाषेत ‘माझे गुडघे दुखतात’ म्हणायचं झालं, तर त्या ‘दुखतात’लाही शब्द ‘दोर’च. फार काटकसरी भाषा. कवी आणि संधिवाताचे रोगी एकाच शब्दावर गुजराण करतात. पुढचा सगळा घोटाळा या काटकसरीतून झाला.

व्हिडिओ-कला म्हणजे काय हे कॉर्नेलनं आधी कलादालनात दोनदा जाऊन बघून घेतलं होतं. त्यात काही घडता कामा नये, एवढं त्याच्या लक्षात आलं. काही घडलं की ते लग्न. म्हणून त्यानं ठरवलं: इमारतीच्या अंगणातला बाक. रिकामा. चाळीस मिनिटं. आणि त्यावर जिन्यातल्या लोकांचे आवाज, आपापला दोर सांगणारे.

“बाकावर कोणीच नाही?” त्याच्या बायकोनं, तिंकुत्सानं, हिवाळ्याच्या बेगमीची वांगी गॅसवर भाजता भाजता विचारलं.

“कोणीच नाही.”

“मग बघायचं काय?”

“जो नाही त्याची वाट.”

“चाळीस मिनिटं?”

“चाळीस.”

“तुझ्या आईची गाडी चुकली तेव्हा मी स्टेशनावर तीन तास बाकावर बसले होते. मला कोणी माएस्त्रो म्हणालं नाही. ते झाकण दे इकडं.”

कॉर्नेलनं झाकण दिलं आणि तो नोटीस लिहायला बसला. त्यानं लिहिलं: ‘ज्यांच्या मनात दोर आहे, हृदयाच्या तळाशी जपलेला आहे, त्यांनी कलेसाठी रविवारी सकाळी दहा वाजता फ्लॅट चौदामध्ये यावं. निवडक दोर कमिशनपुढे जाईल.’ कमिशन म्हणजे परीक्षक मंडळ. तिकडे पाच माणसं एका टेबलामागे बसली की त्यांचं कमिशन होतं.

पण जिन्यात नोटीस लावायला घरमालक संघटनेचा शिक्का लागतो, आणि संघटनेच्या अध्यक्षा प्रोफेसरबाई. त्यांनी चष्मा लावला, लाल पेन घेतलं.

“‘मनात’ कशाला? दोर आणखी कुठं असतो?” त्यांनी ‘मनात’ खोडलं. “‘हृदयाच्या तळाशी’. ही नोटीस आहे, कॉर्नेल, लग्नपत्रिका नव्हे.” तेही गेलं. “‘कलेसाठी’. हे वाचून कोणी येणार नाही, मी अनुभवानं सांगते.” खोडलं. मग त्यांनी शिक्क्यावर हाः करून वाफ सोडली आणि तो हाणला. उरलं ते असं: ‘ज्यांना दोर आहे त्यांनी रविवारी दहा वाजता फ्लॅट चौदामध्ये यावं. निवडक दोर कमिशनपुढे जाईल.’

व्याकरणाच्या दृष्टीनं ही नोटीस निर्दोष होती.

रविवारी सकाळी सहाला कॉर्नेल कचरा टाकायला बाहेर आला, तर जिन्यात मेजरसाहेब वही घेऊन उभे.

“तुझा नंबर लागत नाही, तू घरचा,” मेजर म्हणाले. “तेवीस जण झाले. मी यादी केलीय. यादीशिवाय धक्काबुक्की होते. हजेरी दर तासाला. गैरहजर त्याचं नाव कट.”

“मेजरसाहेब, अजून चार तास आहेत!”

“म्हणूनच यादी.”

ज्यांनी टंचाईच्या काळात आयुष्याची उमेदीची वर्षं लोण्याच्या रांगेत काढली त्या पिढीला रांग दिसली की भरून येतं. दहा वाजता फ्लॅट चौदाच्या दारापासून तळमजल्यापर्यंत माणसं बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर मोठं खाकी पाकीट. पहिल्या होत्या तळमजल्यावरच्या पारास्किवामावशी. वय एक्याऐंशी, काठी एक, पाकिटं दोन. मेजरांनी दोघांकडून त्यांना उचलून वर आणवलं होतं. त्या आत आल्या, खुर्चीत बसल्या आणि त्यांनी मोजे खाली ओढले.

“मावशी, हे काय करताय?”

“दाखवते. उजवा जास्त. डावा फक्त पाऊस असला की. जवळून घे, कॉर्नेल, सूज आली पाहिजे त्यात.”

“मावशी, हा तो दोर नव्हे!”

“मग कुठला?” मावशींचा आवाज चढला. “माझा दोर खोटा? अकरा वर्षं जिना चढले नाही मी! वरच्या मजल्यावरच्यांचा दोर तेवढा खरा वाटतं?”

तेव्हा कॉर्नेलला उलगडा झाला. अपंगत्वाचं पेन्शन ठरवायला जे डॉक्टर बसतात त्यांचंही कमिशनच असतं, आणि त्या कमिशनपर्यंत पोचता पोचता निम्मे अर्जदार अपंगत्वाच्याही पलीकडे जातात. इथं लोकांच्या मते ते कमिशन तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टशिवाय का होईना, आपल्या पायानं चालत आलं होतं. कॉर्नेल दारात उभा राहून समजावू लागला. हे कलेचं आहे, हा मनाचा दोर, विरहाचा, अपुरेपणाचा.

“म्हणजे मणक्याचं चालत नाही?” मागून कोणीतरी विचारलं.

“मणका मनाच्याच मागं असतो,” दुसऱ्यानं सांगितलं. “बसून राहा.”

तो सगळ्यांना घरी पाठवणार एवढ्यात दोन माणसांनी खुर्चीसकट एक म्हातारी वर आणली. त्या प्रोफेसरबाईंच्या मातोश्री, वय त्र्याण्णव. मागून बाई स्वतः.

“आईचं आधी घे. तिला दोन्ही खुब्यांचा आहे.”

“बाई, मला फक्त बाकाचं चित्रीकरण...”

“बाक संघटनेचा आहे, कॉर्नेल. सामायिक मालमत्ता. त्याला माझा शिक्का लागतो.” बाईंनी पर्सवरून हात फिरवला. “आधी जिन्याचं काम, मग बाकाचं.”

कॉर्नेलनं तेवीस जणांचं चित्रीकरण केलं. सवयीनं तो प्रत्येकाला “जरा हसा” म्हणत होता आणि मागून मेजर ओरडत होते, “हसू नका, केस कमजोर होते!” कोणी गुडघा सांगितला, कोणी पाठ. पारास्किवामावशी गुडघ्यावरून सुरू झाल्या आणि सतरा मिनिटांनी इटलीत म्हातारी माणसं सांभाळायला गेलेल्या लेकीवर येऊन थांबल्या, मग त्यांनी मोजे वर ओढले आणि म्हणाल्या, “हे शेवटचं काढून टाक. ते दुखणं कमिशनमध्ये धरत नाहीत.” कॉर्नेल घड्याळाकडे बघत होता. तिंकुत्सानं मात्र सगळ्यांना कॉफी दिली आणि स्वतःचं मनगटही पुढे केलं. “आलेच आहेत तर माझंही घे.”

शिक्का मिळाला. आवाजांचा नाद कॉर्नेलनं सोडला. चित्रपट मुका ठरला.

रिकामा बाक टिपणं सोपं असतं हा एक गैरसमज आहे. बाक वर्षभर रिकामा असतो. त्याच्यासमोर तिपाईवर कॅमेरा लावा, तो रिकामा राहत नाही. पहिल्या दिवशी नवव्या मिनिटाला मावशी येऊन बसल्या. “एकटाच दिसत होता बिचारा,” त्या म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी मेजरांनी बाकाखालची पानं झाडली. तिसऱ्या दिवशी बाईंनी त्यावर फुलांची कुंडी आणून ठेवली, इमारतीची अब्रू जाऊ नये म्हणून. शेवटी शुक्रवारी दुपारी गरम पाणी सुटलं. ते दोनच तास येतं. सगळी इमारत आंघोळीला पळाली, आणि कॉर्नेलनं स्वतः बिनआंघोळीचा राहून, चाळीस मिनिटांचा निर्मनुष्य अपुरेपणा एका दमात टिपला. घरी पडद्यावर तो बघताना त्याचे डोळे भरून आले. तिंकुत्साला सतराव्या मिनिटाला झोप लागली. तोही परिणामच, असं त्यानं मानून घेतलं.

अर्ज द्यायला तो कलादालनात गेला. खिडकीमागच्या बाईंनी त्याच्या हातातला पेनड्राइव्ह चिमटीत धरून उलटसुलट बघितला.

“याला भोकं नाहीत.”

“कसली भोकं?”

“अर्ज पत्र्याची पट्टी असलेल्या फाइलमध्ये लावायचा असतो. फाइलला लावायचं तर दोन भोकं लागतात. हे कुठं लावू?”

“पण हा चित्रपट आहे.”

“असू दे ना. कागदावर आणा. आणि प्रत्येक पानावर ‘मूळ प्रतीप्रमाणे सत्यप्रत’ लिहून सही.”

कॉर्नेलनं चित्रपट कागदावर आणला. मिनिटाला एक चौकट, चौकटीला एक पान. चाळीस पानं, प्रत्येकावर तोच बाक, प्रत्येकाखाली ‘मूळ प्रतीप्रमाणे सत्यप्रत – कॉ. बुर्लाकू’. बाईंनी बोटाला थुंकी लावून एकेक पान उलटलं. कॉर्नेलच्या कलाकृतीकडे इतक्या बारकाईनं त्यापूर्वी कोणी पाहिलं नव्हतं आणि नंतरही कोणी पाहिलं नाही.

“सतरा आणि अठरा एकच आहेत. एक पान दोनदा लावलंय.”

“नाही बाई. अठरामध्ये एक पान हललंय. डावीकडे. झाडाचं.”

बाईंनी दोन्ही पानं खिडकीच्या काचेवर धरली. “हललंय,” त्यांनी मान्य केलं. “तसं अर्जात लिहा.” त्यानं लिहिलं: ‘पान क्र. १८ वर पान हलले आहे.’ मग बाईंनी दोन भोकं पाडली, नेमकी बाकाच्या पाठीतून.

उद्घाटनाला गर्दी झाली. एरवी अशा समारंभाला कलावंत, त्यांच्या आया आणि फुकटची वाइन ओळखणारे तीन गृहस्थ येतात. त्या दिवशी ‘ब’ जिना अख्खा आला. रविवारचे कपडे, बगलेत खाकी पाकिटं. मेजरांनी पहिल्या दोन रांगा यादीप्रमाणे भरल्या.

कमिशनच्या अध्यक्षा बुखारेस्टहून आल्या होत्या. नाव इलिंका, वय तिशीचं, विजार दोन्ही गुडघ्यांवर फाटलेली. कलेत सध्या अशी पद्धत आहे की जे काम बघणाऱ्याला कळत नाही ते कमिशन समजावून सांगतं, आणि मग ते कोणालाच कळत नाही. इलिंकाबाई वीस मिनिटं बोलल्या. अपूर्ततेचा अवकाश, अनुपस्थितीची उपस्थिती, देहाच्या आठवणीचा काठ.

“काय म्हणते?” मावशींनी विचारलं.

“देहाचं चाललंय,” मेजर म्हणाले. “योग्य कमिशन आहे.”

“बिचारीची विजार बघा हो. गुडघ्याला वारं लागत असेल. या वयात कळत नाही.”

पडद्यावर बाक आला. पहिली पाच मिनिटं ‘ब’ जिना शांत होता. सुरुवातीला थोडं असं काहीतरी असायचंच, हे त्यांना टीव्हीमुळे माहीत होतं.

“आपलाच बाक!” प्रोफेसरबाई म्हणाल्या. “परवानगी मी दिलीय.”

“मधली फळी मोडलीय. मी नगरपालिकेला तीनदा लिहिलं,” मेजर म्हणाले, आणि वाइनच्या टेबलाजवळ उभ्या असलेल्या उपनगराध्यक्षांकडे त्यांनी वळून पाहिलं. उपनगराध्यक्षांनी पेला पाठीमागे लपवला.

“माझा गुडघा कधी येतो?” मावशींनी विसाव्या मिनिटाला विचारलं.

“श्श! बाकानंतर.”

सगळे वाट बघत राहिले. पस्तिसाव्या मिनिटाला प्रोफेसरबाईंच्या आईनं दात लावून घेतले, आपल्या खुब्यांच्या स्वागताला. चाळिसाव्या मिनिटाला बाक गेला, दिवे लागले. टाळ्या वाजल्या त्या एकट्या कॉर्नेलच्या, त्याही चुकून.

पहिलं बक्षीस बुखारेस्टच्या एका तरुणाला मिळालं. त्यानं गळका नळ सहा तास टिपला होता. “सहा तासांत प्लंबर आला असता,” मेजर म्हणाले. तेवढी एकच समीक्षा त्या संध्याकाळी मुद्द्याला धरून होती.

कॉर्नेल अध्यक्षांसमोर जाऊन उभा राहिला. त्यानं टाय घातला होता. आत्ता, या क्षणी ती ‘माएस्त्रो’ म्हणेल. मेजर दोन पावलांवर उभे आहेत, ऐकतील.

“तुमचं काम स्वच्छ आहे, बुर्लाकू,” इलिंकाबाई म्हणाल्या. “पण खोटं सांगत नाही, त्यात दोर नाही.”

हे मावशींनी ऐकलं.

“दोर नाही?” त्या काठी टेकत पुढे आल्या. “पोरी, इकडं ये. हात लाव इथं. हा काय आहे मग?” त्यांनी पाकिटातून एक्स-रे काढून अध्यक्षांच्या नाकासमोर धरला. मागोमाग तेवीस एक्स-रे दिव्याखाली फडफडले. दालनात एकदम सांगाडेच सांगाडे झाले.

“तेवीस केसेस!” मेजर गरजले. “एकही न बघता फेटाळली! नोंद करा!”

इलिंकाबाईंचा चेहरा उजळला. त्या संध्याकाळी प्रथमच त्यांना एखादी गोष्ट न समजावता कळली होती. त्यांनी कॉर्नेलचा दंड धरला. “ही माणसं कोण? तुम्ही... तुम्ही यांचं चित्रीकरण केलंय?”

“केलंय ना!” मावशी म्हणाल्या. “सहा तास!”

“मला दाखवा. आजच दाखवा. मी बुखारेस्टला नेते. हे, हेच तर...”

तिंकुत्सानं मागून नवऱ्याच्या पाठीत बोट खुपसलं. सगळा जिना त्याच्याकडे बघत होता. ‘माएस्त्रो’ हा शब्द अध्यक्षांच्या ओठांपर्यंत आला होता. कॉर्नेलला तो दिसत होता. पण त्याला चाळीस पानांची सत्यप्रतही दिसत होती, तिच्या पाठीतली दोन भोकंही, आणि आपण बिनआंघोळीचे राहून केलेली तपश्चर्याही. त्यानं टाय सरळ केला.

“माफ करा,” तो ताठ मानेनं म्हणाला. “ती कला नव्हे. ते गुडघे आहेत.”

स्वाभिमान ही चांगली वस्तू आहे. फक्त ती कधी बाहेर काढायची हे माहीत असावं लागतं. इलिंकाबाईंनी त्याचा दंड सोडला आणि त्या नळवाल्याकडे वळल्या. घरी जाताना तिंकुत्सा संपूर्ण रस्ताभर दहा पावलं पुढे चालली. जिन्याच्या दारात एकच बोलली: “गाढव.” हा हुद्दा नव्हता.

सकाळी कॉर्नेल पाव आणायला निघाला. जिन्यात लोक आपल्याला फाडून खाणार, अशी त्याची खात्री होती. पहिल्या मजल्यावर मेजर उभे, दुसऱ्यावरच्या दारात प्रोफेसरबाई. तळमजल्यावर मावशी काठी टेकून. तिघांचीही वाट बघत उभं राहण्याची तऱ्हा तीच, रांगेतली.

“काल तू त्या बयेला बरं सुनावलंस,” मेजर म्हणाले. “कमिशनपुढे माणूस चळाचळा कापतो. तू ठणकावून सांगितलंस, गुडघे आहेत म्हणून! तोंडावर!”

“मी वीस वर्षांत कमिशनला असं बोलताना कोणाला पाहिलं नाही,” प्रोफेसरबाईंनी दुजोरा दिला.

कॉर्नेलनं तोंड उघडलं. तसं नव्हतं ते, असं सांगायला उघडलं होतं. तेवढ्यात मावशी दोन पायऱ्या चढून वर आल्या, अकरा वर्षांत पहिल्यांदा, आणि त्यांनी पाकीट पुढे केलं.

“हा नवा काढलाय, डाव्याचा. जरा बघता का,” त्या म्हणाल्या, आणि मग जिनाभर ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, “डॉक्टरसाहेब?”

कॉर्नेलनं मेजरांकडे पाहिलं. मेजरांनी टाचा जुळवल्या होत्या.

त्यानं पाकिटातून एक्स-रे काढला, जिन्याच्या खिडकीतल्या उजेडात धरला आणि कपाळाला आठ्या घातल्या. एक्स-रे उलटा होता.